मानवत हत्याकांड

मानवत हत्याकांड ही महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील मानवत या गावात आणि त्याच्या परिसरात नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात घडलेल्या खुनांची मालिका होय. या काळात १० जणींचे बळी गेले. त्यांत सुमारे दहा वर्षे वयाच्या पाच मुली, एक तान्ही मुलगी आणि पस्तिशीच्या आसपास वयाच्या चार स्त्रिया होत्या. गुप्तधन आणि अपत्य यांच्या प्राप्तीसाठी एका मांत्रिकाच्या सल्ल्याने हे नरबळी देण्यात आले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. या प्रकरणाचा खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला. त्यातून उद्भवलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिलेला ‘दगडू आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल भारतीय फौजदारी न्यायशास्त्रात आजही आधार म्हणून घेतला जातो.

या घटनांवर पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आठवणीपर लेखन, ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट आणि ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका अशी कथने निर्माण झाली. त्यांतून लोकांच्या मनात रुजलेली हकिकत आणि न्यायालयात अखेरपर्यंत टिकलेला पुरावा यांत मोठे अंतर आहे. प्रकरणाच्या अभ्यासात हे अंतर महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

मानवत हे परभणी शहराच्या पश्चिमेस, परभणी ते पाथरी या मार्गावर वसलेले कापसाच्या व्यापाराचे गाव आहे. मानवत हा आता परभणी जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

१९७२ हे वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे वर्ष म्हणून कोरले गेले आहे. मराठवाड्यातील पिके बुडाली, विहिरी आटल्या आणि लाखो माणसे रस्ते, तलाव व खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर गेली. सुकडी आणि मिलो हे शब्द त्याच काळात घराघरांत पोहोचले. रोजगार हमी योजनेची सुरुवातही याच वर्षीची. परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना मे १९७२ मध्ये झाली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, कृषिविज्ञानाचे विद्यापीठ उभे राहत होते आणि काही मैलांवर नरबळीचा संशय असलेले खून सुरू होत होते, ही विसंगती पुढे अंधश्रद्धेविषयीच्या चर्चेत लक्षणीय ठरते. मात्र दुष्काळामुळे हे खून झाले, असा निष्कर्ष काढण्यास आधार नाही. खटल्यात मांडलेला हेतू दारिद्र्य किंवा भूक हा नव्हता.

गुप्तधनाविषयीच्या समजुती

जमिनीखाली पुरलेले धन आणि त्यावर पहारा देणारी अदृश्य शक्ती यांविषयीच्या समजुती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जुन्या आहेत. पेढ्या व बँका आवाक्यात नसताना नाणी आणि दागिने हंड्यात घालून पुरून ठेवण्याची रीत होती. जुन्या वाड्यांच्या पायात किंवा शेतात असा ठेवा खरोखर सापडल्याच्या घटनाही घडत. त्यामुळे समजुतीला अधूनमधून पुष्टी मिळत राहिली. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीला, जमिनीतील धन व पाणी दिसते, असा समज याच परंपरेतील आहे.

मुंजा किंवा मुंजोबा ही कल्पनाही तिच्याशी जोडली जाते. मुंज झालेला पण लग्नाआधी मरण पावलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळाच्या झाडावर राहतो, असे लोकसमजूत सांगते. अनेक गावांत पिंपळाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडाला मुंजाचे ठाणे मानतात. ही पूजा बहुतेक ठिकाणी नारळ आणि नैवेद्य यांपुरतीच असते आणि तिचा हिंसेशी संबंध नसतो.

कायद्याच्या दृष्टीने गुप्तधन हा गूढ विषय नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. मांत्रिकाच्या सांगण्यावरून गुपचूप खोदकाम करणारा माणूस म्हणूनच दुहेरी लपवाछपवी करीत असतो. गावापासून तो विधी लपवतो आणि सरकारपासून ठेवा.

घटनाक्रम

मालिकेतील पहिला खून १४ नोव्हेंबर १९७२ रोजी झाला. त्यानंतर सुमारे १४ महिन्यांत एकामागून एक खून होत गेले. अखेरची घटना ४ जानेवारी १९७४ रोजी घडली. तीत एक स्त्री आणि तिच्या दोन मुली अशा तिघींची एकाच वेळी हत्या झाली. दोन मुलींपैकी धाकटी जेमतेम दीड वर्षाची होती.

बळी गेलेल्या मुली आणि स्त्रिया हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील होत्या. काही मृतदेहांवर छिन्नविच्छिन्नतेच्या खुणा होत्या. त्यामुळे हे खून चोरीसाठी किंवा वैयक्तिक वैरातून झाले नसावेत, असा तर्क लवकरच पुढे आला आणि नरबळीची चर्चा सुरू झाली.

तपास

स्थानिक तपासाला यश येत नसल्याने मुंबईतील अनुभवी गुन्हे अन्वेषण अधिकाऱ्यांची मदत घेण्यात आली. त्यांत रमाकांत कुलकर्णी हे प्रमुख होते. १९६८ मध्ये मुंबईत रमण राघव या मालिका खुन्याच्या प्रकरणाच्या तपासामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले.

दोन्ही प्रकरणे मालिका खुनांची असली तरी त्यांचे स्वरूप वेगळे होते. रमण राघव एकटा होता. त्याने दिलेली कबुली आणि त्याची मानसिक अवस्था हे त्या प्रकरणाचे मुख्य प्रश्न होते. मानवतमध्ये पोलिसांच्या मते अनेक माणसांचा गट होता. सांगणारे, पैसा पुरवणारे, विधी करणारे आणि प्रत्यक्ष खून करणारे निरनिराळे होते. अशा गुन्ह्यात मारेकरी हाती लागला तरी त्याच्यामागे कोण होते हे सिद्ध करणे उरतेच. खटल्याचा सारा भार पुढे याच मुद्द्यावर आला.

अभियोग पक्षाचे कथन

अभियोग पक्षाने न्यायालयात मांडलेली हकिकत थोडक्यात अशी होती. गावातील एक वजनदार गृहस्थ आणि त्याच्यासोबत राहणारी एक स्त्री यांना प्रकृतीच्या तक्रारी, अपत्याची आस आणि धनाचा मोह यांमुळे मांत्रिकांचा सल्ला घेण्याची सवय लागली. त्यांच्या जागेतील पिंपळाच्या झाडाखाली गुप्तधन असून त्यावर मुंजाचा पहारा आहे, त्याला प्रसन्न करण्यासाठी कुमारिकांचे रक्त हवे, असे मांत्रिकाने सांगितले. त्यानुसार कट रचण्यात आला आणि पैशाच्या आमिषाने माणसे गोळा करून खून करवण्यात आले.

सर्वसामान्यांना माहीत असलेली मानवतची कथा म्हणजे मुख्यतः हेच कथन होय. मात्र पीडितांच्या वयाकडे पाहता त्यातील एक अडचण ध्यानात येते. दहा बळींपैकी चार प्रौढ स्त्रिया होत्या आणि त्यांतील एक तर दोन मुलींची आई होती. कुमारिकेच्या रक्ताचा हेतू सर्व खुनांना जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘कुमारिकांचे बळी’ असे सरसकट वर्णन करणाऱ्या लेखनात या चार स्त्रिया नकळत वगळल्या जातात.

खटला

परभणीच्या सत्र न्यायालयात अठरा आरोपींवर खटला चालला. खून आणि कट अशा दोन प्रकारचे आरोप होते. पुराव्याचे तीन मुख्य आधार होते. पहिला, माफीच्या साक्षीदारांची साक्ष. दुसरा, काही आरोपींनी दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेले कबुलीजबाब. तिसरा, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि परिस्थितिजन्य पुरावा.

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः सामील असलेली, पण संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर न्यायालयाने माफी दिलेली व्यक्ती. बंद दाराआड रचलेल्या कटाची माहिती बाहेरच्या माणसाला असण्याची शक्यता कमी असते. म्हणून कटाच्या खटल्यांत अभियोग पक्षाला अशा साक्षीदाराची गरज भासते. त्याच वेळी तो स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला गोवण्याचा धोकाही असतो.

सत्र न्यायालयाने कथित सूत्रधारांसह अनेकांना दोषी ठरवले.

अपील आणि अंतिम निष्कर्ष

अपिलाच्या टप्प्यावर खटल्याचे चित्र बदलले. ज्यांना या कटाचे सूत्रधार म्हटले गेले होते, ते गृहस्थ आणि ती स्त्री, यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही आणि दोघे निर्दोष सुटले. काही मारेकऱ्यांची दोषसिद्धी मात्र कायम राहिली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. ते पुढे १९७८ ते १९८५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. निकालातील तीन मुद्दे विशेष महत्त्वाचे मानले जातात.

माफीच्या साक्षीदाराची साक्ष: १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३३ नुसार सहअपराध्याच्या पुष्टीविना साक्षीवर आधारलेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नव्हती. कलम ११४ च्या ‘ब’ या दृष्टान्तानुसार मात्र महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज सहअपराधी विश्वासास पात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकत होते. या दोन तरतुदींत विरोध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कायदा पुष्टीविना शिक्षेला मनाई करीत नसला तरी पुष्टी मागण्याचा सावधपणाचा नियम इतका रुळला आहे की त्याला कायद्याच्या नियमाचेच स्थान प्राप्त झाले आहे, असा या विवेचनाचा आशय आहे. ही पुष्टी गुन्हा घडला एवढ्यापुरती असून भागत नाही. संबंधित आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडणारी पुष्टी लागते.

मारेकरी दोषी आणि कथित सूत्रधार निर्दोष, हा वरकरणी विचित्र वाटणारा निष्कर्ष समजून घेण्यास हा नियम उपयोगी पडतो. शेतशिवारात घडलेल्या कृत्याचा कोणी साक्षीदार असू शकतो, त्याचे हत्यार सापडू शकते. घरात झालेल्या बोलण्याला स्वतंत्र पुरावा मिळणे दुरापास्त असते. एकाच साक्षीदाराच्या तोंडून आलेल्या हकिकतीचा एक भाग पुष्टीमुळे टिकतो आणि दुसरा पुष्टीअभावी गळून पडतो.

कबुलीजबाब: आरोपीचा कबुलीजबाब नोंदवण्यापूर्वी, कबुली देणे त्याच्यावर बंधनकारक नाही आणि दिल्यास ती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकाऱ्याने त्याला समजावून सांगावे लागते. ती स्वेच्छेने दिली जात आहे याची खात्रीही करावी लागते. या प्रकरणातील जबाब नोंदवताना ही दक्षता पाळली गेली नसल्याने न्यायालयाने त्यांच्यावर विसंबण्यास नकार दिला. त्याच वेळी प्रक्रियेतील असा दोष असला म्हणून जबाब आपोआप अग्राह्य ठरत नाही, ग्राह्यता पुरावा अधिनियमानुसारच ठरवावी लागते, हेही न्यायालयाने नमूद केले.

शिक्षेविषयी सुनावणी: १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ (२) ने दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद केली. कनिष्ठ न्यायालयाने अशी सुनावणी घेतली नसेल तर प्रत्येक वेळी खटला परत पाठवण्याची गरज नाही, वरिष्ठ न्यायालय स्वतः पुरेशी संधी देऊन ही उणीव दूर करू शकते, असे या निकालाने ठरवले.

कलम १३३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १३८ ने घेतली आहे. नव्या कलमाच्या शब्दांत सहअपराध्याच्या पुष्टीसह साक्षीचा उल्लेख आहे. न्यायालयांनी सावधपणाचा नियम म्हणून जोपासलेली गोष्ट अशा रीतीने कायद्याच्या मजकुरातच आली.

प्रकरणावरील कथने

आठवणीपर लेखन

रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या पोलीस कारकिर्दीतील प्रकरणांविषयी इंग्रजीत लिहिलेल्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या पुस्तकात मानवतचा तपास येतो. तपासात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या अधिकाऱ्याचे लेखन म्हणून ते महत्त्वाचे आहे. संशय कसा वळला, माणसे बोलती कशी झाली, धागे कसे जुळले, हे निकालपत्रात न मिळणारे तपशील अशा लेखनात मिळतात. मात्र तपास अधिकारी आणि न्यायालय यांचे काम भिन्न असते. अधिकारी आपल्या खात्रीपर्यंत पोहोचतो. न्यायालयाला ती खात्री पुराव्याच्या कसोटीवर तपासावी लागते.

चित्रपट

‘आक्रीत’ (१९८१) हा मानवतच्या घटनांवर आधारलेला मराठी चित्रपट होय. अभिनेते अमोल पालेकर यांचे हे दिग्दर्शक म्हणून पहिले काम होते. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. फ्रान्समधील नांत येथील तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपटात पात्रांची नावे बदललेली आहेत. खुनी कोण हे रहस्य उलगडण्यापेक्षा सत्ता, लोभ आणि परावलंबित्व यांच्या साखळीत माणसे हिंसेपर्यंत कशी जातात, याकडे त्याचा कल आहे.

वेबमालिका

‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्ह या मंचावर प्रदर्शित झाली. तिचे दिग्दर्शन आशिष बेंडे यांनी केले असून ती कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारित आहे. आशुतोष गोवारीकर यांनी रमाकांत कुलकर्णी यांची भूमिका केली. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांच्याही त्यात प्रमुख भूमिका आहेत. मालिकेत काही पात्रांना मूळ प्रकरणातील व्यक्तींची नावे आहेत. पुस्तकाप्रमाणेच कथेचा केंद्रबिंदू तपास हा आहे. या मालिकेमुळे घटनेनंतर जन्मलेल्या पिढीलाही हे प्रकरण माहीत झाले.

कथनांचे वाचन

सत्य गुन्हेकथा हा साहित्यप्रकार वाचताना लेखक कोणत्या जागी उभा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. अमेरिकेत १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आलेले ट्रुमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’ हे बाहेरून आलेल्या लेखकाने लिहिले. १९७४ मधील ‘हेल्टर स्केल्टर’ हे मॅन्सन पंथाच्या हत्यांवरील पुस्तक खटल्यातील सरकारी वकील व्हिन्सेंट बुग्लिओसी यांनी कर्ट जेन्ट्री यांच्यासह लिहिले. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात तर फाशी झालेल्या एका आरोपीने तुरुंगात आपली कबुली पुस्तकरूपाने लिहिली. बाहेरचा निरीक्षक, सरकारी वकील, तपास अधिकारी आणि गुन्हेगार यांना एकच घटना चार तऱ्हांनी दिसते.

मॅन्सन प्रकरणाशी मानवतची तुलना उद्बोधक आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथे दोन रात्रींत सात जणांच्या हत्या झाल्या. चार्ल्स मॅन्सन याने त्या सात जणांपैकी कोणावरही स्वतः हत्यार चालवले नव्हते. अनुयायांनी त्याच्या सांगण्यावरून खून केले, असा आरोप होता. खटल्याची प्रमुख साक्षीदार लिंडा कसाबियन ही गटातीलच होती आणि तिला अभय देण्यात आले होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही सहअपराध्याच्या साक्षीला पुष्टी लागते. तेथे कट सिद्ध झाला आणि १९७१ मध्ये मॅन्सन दोषी ठरला. मानवतच्या खटल्याची रचना बरीच तशीच होती, म्हणजे सांगणारे एक, करणारे दुसरे आणि गटातून फुटलेले साक्षीदार. येथे मात्र सांगणाऱ्यांविरुद्धचा आरोप अपिलात टिकला नाही.

म्हणून मॅन्सन प्रकरणावरील पुस्तकाची घडण मानवतला जशीच्या तशी लावता येत नाही. ‘हेल्टर स्केल्टर’मधील मध्यवर्ती कथेच्या पाठीशी दोषसिद्धी आहे. त्या पुस्तकातील हेतूच्या मीमांसेवरही पुढे आक्षेप घेतले गेले, पण निकाल कायम आहे. मानवतच्या प्रचलित कथेतील सर्वांत परिचित पात्रे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत. झाड, मुंजा, गुप्तधन आणि रक्त यांची सलग गोष्ट सांगताना ‘अभियोग पक्षाच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गाळले, तर आरोपाचे रूपांतर नकळत वस्तुस्थितीत होते. ‘निर्दोष सुटले’ याचा अर्थ अपराध घडलाच नाही असा होत नाही, आणि पुरावा अपुरा पडला याचा अर्थ तरीही तेच अपराधी होते असाही होत नाही. दहा जणींच्या मृत्यूंबाबत शंका नाही. त्यांपैकी प्रत्येक मृत्यूमागचा हेतू आणि आज्ञा देणारी व्यक्ती यांबाबत मात्र तितक्याच खात्रीने बोलता येत नाही.

दुसरा मुद्दा समाजावरील शिक्क्याचा आहे. या प्रकरणावरील कथनांत कथित सूत्रधार स्त्री पारधी समाजातील असल्याचा उल्लेख येतो. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी समाजाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती गावांत आणि पोलीस ठाण्यांत टिकून राहिली. अशा समाजातील व्यक्तीचे चित्रण जादूटोणा व रक्ताच्या प्रतिमांसह होते, तेव्हा वाचकाचा जुना पूर्वग्रह आणि खटल्यातील पुरावा यांची सरमिसळ होण्याचा धोका असतो.

तिसरा मुद्दा पीडितांचा आहे. तपासकथेत अधिकारी नायक ठरतो, मांत्रिक व सूत्रधार खलपुरुष ठरतात आणि मेलेल्या मुली घटनाक्रमातील आकडे होऊन राहतात. सुमारे १४ महिने चाललेल्या या मालिकेत प्रत्येक खुनानंतर पुढचा खून टाळण्याची संधी होती. ती का साधली गेली नाही, हा प्रश्न मांत्रिकाच्या मंत्रांइतकाच अभ्यासाचा आहे. स्थानिक वजनदार व्यक्तींविषयी साक्ष देण्यास माणसे का धजावत नाहीत आणि गरीब घरातील मुलीच्या मृत्यूची दखल किती तातडीने घेतली जाते, हे प्रश्न अशा प्रकरणांत नेहमीच उभे राहतात.

कायद्यावरील आणि समाजातील पडसाद

मानवतच्या काळात नरबळीसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. खून, कट आणि अपहरण यांच्या सर्वसाधारण कलमांखालीच कारवाई होई. खून झाल्यावर ही कलमे पुरेशी असतात. त्यापूर्वीच्या पायऱ्यांवर, म्हणजे गुप्तधनाचा दावा करणे, अघोरी विधीसाठी चिथावणी देणे, करणीची भीती घालून पैसे उकळणे यांवर मात्र ती सहजासहजी लागू होत नाहीत.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकात अंधश्रद्धाविरोधी चळवळ संघटित झाली. श्याम मानव यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे राहिले. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. मराठवाड्यातील भानामतीच्या प्रकरणांत कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन प्रबोधन केले. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी अनेक वर्षे प्रलंबित राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या कायद्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे. त्याच्या अनुसूचीत प्रतिबंधित कृत्यांची यादी असून गुप्तधन किंवा मौल्यवान वस्तू यांच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये आणि नरबळी देणे किंवा देण्याचा प्रयत्न करणे यांचा तीत समावेश आहे. अशा कृत्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अपराध दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी दक्षता अधिकाऱ्याचीही तरतूद आहे. पूजा, वारी, हरिपाठ, कीर्तन यांसारख्या धार्मिक आचारांना कायद्याने वगळले आहे. शेजारच्या कर्नाटकातही २०१७ मध्ये याच धर्तीचा कायदा झाला.

मानवतच्या खटल्याने पुढील काळासाठी दोन वेगवेगळे धडे ठेवले. अंधश्रद्धेचा व्यवहार खुनापर्यंत पोहोचण्याआधी अडवला पाहिजे, हा एक. त्यासाठी २०१३ चा कायदा उपयोगी पडतो. गुन्हा कितीही भीषण असला तरी प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे, हा दुसरा. त्याची आठवण १९७७ चा निकाल करून देतो. या घटनांवरील पुस्तके आणि चित्रपट पहिला धडा ठळकपणे देतात. दुसरा समजण्यासाठी निकालपत्राकडे वळावे लागते.

हेही पाहा

परभणी जिल्हा
नरबळी
माफीचा साक्षीदार
रमण राघव
जोशी-अभ्यंकर खून खटला
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती
जादूटोणाविरोधी कायदा